हीटेड ग्रिप्स: गुंडाळायच्या की कायमच्या बसवायच्या?

पुण्यात हीटेड ग्रिप्स (बाइकच्या हँडलच्या, विजेवर तापणाऱ्या मुठी) म्हटलं की लोक हसतात. जानेवारीत पहाटे सिंहगडाकडे निघा. खडकवासल्याच्या पाण्याकाठी क्लचवर बोटं वळेनाशी होतात.

गुंडाळायच्या पट्ट्या मूळ ग्रिपवरच आवळतात, उन्हाळ्यात काढून ठेवता येतात. स्वस्त पडतात. पण मूठ जाड होते, लहान हाताला लिव्हर लांब पडतो. उजवी पट्टी सरकून अडकली, तर थ्रॉटल सोडल्यावर मागे फिरत नाही. हे मला अजिबात चालत नाही.

कायमच्या ग्रिप्समध्ये तापणारी तार रबराच्या आतच असते. जुनी ग्रिप कापून नवी चिकटवायची, थ्रॉटलकडच्या वायरला वळण्यापुरती ढील ठेवायची. खर्च जास्त, पकड मात्र जवळपास मूळसारखी.

वीज दोन्ही खातात: साधारण 30 ते 50 वॉट, म्हणजे 12 व्होल्टवर अडीच ते चार अँपिअर. कनेक्शन रिलेतून (छोट्या करंटवर चालणारा विजेचा स्विच), इग्निशनवर घ्या, म्हणजे चावी बंद की ग्रिप्सही बंद. थेट बॅटरीवर जोडून बटण बंद करायला विसरलात, तर सकाळी किक शोधत बसाल (असली तर).

शहरापुरतं फिरणाऱ्याला चांगले ग्लव्ह्ज पुरेत. हिवाळ्यात महाबळेश्वर किंवा पुढे स्पिती करणाऱ्यांनी कायमच्याच बसवाव्यात, सोबत हँडगार्डही. ग्रिप तळवा तापवते, बोटांच्या पाठीला वारा झोंबतोच.