विहिरींच्या सर्वेक्षणात रग्ड टॅब्लेट: वर्षभराच्या वापरानंतर

रग्ड म्हणजे दणकट टॅब्लेट पडला तर फुटत नाही, भिजला तर बंद पडत नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या, आणि तरी दुसरा कुणी विचारत आला तर मी त्या शेवटी सांगेन.

आमचं काम सातारा जिल्ह्यात, पाणलोट आणि विहिरींच्या नोंदींचं. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, तेव्हा टॅब्लेटची परीक्षा घ्यायला वेगळं काही करावं लागलं नाही. आठ इंची, अँड्रॉइडवाला, साध्या टॅब्लेटच्या दुपटीहून महाग. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रारी आहेत त्या एका कंपनीपुरत्या नाहीत.

आधी खोक्यावरच्या शिक्क्यांचं. आयपी68 म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा. त्यातला 6 धुळीचा, म्हणजे धूळ आत जाणार नाही. 8 पाण्याचा, पण नेमकं किती खोल आणि किती वेळ ते कंपनीच ठरवते आणि जाहीर करते, तेही स्वच्छ, स्थिर पाण्यात. मिल-स्टँडर्ड-810एच हे अमेरिकी लष्कराचं चाचण्यांचं पुस्तक. लष्कर कुठल्याही टॅब्लेटला प्रमाणपत्र देत नाही, कंपनी स्वतः चाचण्या निवडते आणि पास झालो म्हणते. त्यातली पडायची नेहमीची चाचणी म्हणजे सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे अशी 26 वेळा, सव्वा मीटरवरून, बहुतेकदा काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवुडवर. हे 26 वेळा पडणं पाच नगांत वाटून घ्यायचीही मुभा आहे. आमच्याकडे प्लायवुड कुठलं, काळा पाषाण. तरी गाडीवरून, कठड्यावरून पडून कोपऱ्याच्या रबराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. इथं पूर्ण मार्क.

खरी अडचण उन्हाची. मार्चपासून माणमध्ये दुपारी बारा वाजता साधा टॅब्लेट म्हणजे आरसा, त्यात आपलंच तोंड दिसतं. याची स्क्रीन हजार निट्सची (निट हे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक), नकाशा उन्हातही वाचता येतो. पण मे महिन्यात अर्धा तास उघड्यावर धरला की टॅब्लेट तापतो आणि उजेड आपोआप कमी करतो. म्हणजे ज्या उन्हासाठी जास्त पैसे मोजले, त्याच उन्हात हजार निट्स गायब. जीपच्या डॅशबोर्डवर चार्जिंगला लावला तर चार्जच होत नाही, कारण लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करायची नसते आणि टॅब्लेट ती काळजी घेतो. बरोबरच आहे त्याचं, पण संध्याकाळपर्यंत काम ओढायचं कसं? बॅटरी काढता येते म्हणून निभावलं. जास्तीची बॅटरी खिशात ठेवायची, निंबाखाली बसून बदलायची. बॅटरी काढता येत नसेल तर उन्हाळी कामासाठी असा टॅब्लेट घेऊच नका.

पावसात उलटा प्रकार. पाणी आत जात नाही, मान्य. पण स्क्रीनवर पडलेला प्रत्येक थेंब तिला बोट वाटतो. ओढ्याची कड नकाशावर काढत होतो तर नकाशा स्वतःच मोठा-लहान व्हायला लागला आणि दोन बिंदू समोरच्या डोंगरावर जाऊन बसले. सेटिंगमध्ये हातमोज्यांचा मोड आहे, तो चालू केला की स्क्रीन जास्त हळवी होते आणि थेंबांचा धुमाकूळ वाढतो. ओल्या बोटांचा मोड लावला तर थेंब गप्प बसतात, पण बोट दाबून दाबून टेकवावं लागतं. शेवटी उपाय सापडला तो क्यूफील्ड या नकाशाच्या ॲपमध्ये: आवाजाच्या बटणांनी बिंदू टाकायची सोय. स्क्रीनला हात न लावता अख्ख्या ओढ्याची कड चालत काढता आली. बटणं बाजूला आणि मोठी असावीत, हे घेताना बघा. दुकानात ते कुणी दाखवत नाही.

आता निळा ठिपका, म्हणजे नकाशावर आपली जागा दाखवणारा. मोबाइलवरून पीक नोंदवायची सरकारी ई-पीक पाहणी 2021 मध्ये आली तेव्हापासून शेतात मोबाइलवर गट बघणं कुणाला नवं राहिलेलं नाही. त्यात आमचा हा जाडजूड, पट्टा लावलेला टॅब्लेट दिसला की लोकांना वाटतं सरकारी मोजणीच आली. एका बांधावर एक काका म्हणाले, "साहेब, एवढं मोठं मशीन हाय, बघा की बांध कुणाच्यात आलाय."

"काका, यात चार-पाच मीटर इकडंतिकडं होतं."

"पाच मीटरात तर माझी मोटर आली की!"

टॅब्लेट दणकट असला म्हणून जागा नेमकी दाखवत नाही. याच्यात उपग्रहांच्या संदेशांच्या एल1 आणि एल5 दोन्ही वारंवारता आहेत, भारताच्या नाविक यंत्रणेचे उपग्रहही पकडतो, त्यामुळे मोकळ्या माळावर साध्या फोनपेक्षा ठिपका स्थिर राहतो. कोयनेच्या खोऱ्यात झाडीखाली मात्र तोही भटकतो. सेंटिमीटरची अचूकता हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स स्थानकांची (एका जागी कायम बसवलेल्या उपग्रह-रिसीव्हरांची) दुरुस्ती घेणारा रोव्हर, म्हणजे हातात फिरवायचा वेगळा रिसीव्हर, ब्लूटूथने जोडावा लागतो. ती दुरुस्ती येते इंटरनेटवरून आणि खोऱ्यात रेंज नसते. विहिरीची जागा नोंदवायला चार मीटर चालतात. बांधाच्या भांडणात आम्ही पडत नाही.

सगळ्यात आधी जे मोडलं ते म्हणजे चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण. रोज उघड-बंद करून त्याची मान ढिली झाली, लाल माती आत जायला लागली आणि मग 'ओलावा आहे' म्हणत टॅब्लेट चार्जिंग नाकारायला लागला. ते झाकण गेलं की आयपी68 ही गेलं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, नुसतं झाकण मिळत नाही, मागचं पूर्ण कव्हर बदला. त्या किमतीत दोन बॅटऱ्या येतील. तेव्हापासून आम्ही झाकण उघडतच नाही, खालच्या पितळी टोकांवर डॉकमध्ये, म्हणजे चार्जिंगच्या स्टँडमध्ये, ठेवूनच चार्ज करतो. डॉक वेगळा विकत घ्यावा लागतो, तो पहिल्या दिवशीच घ्या.

वजन पट्ट्यासह पाऊण किलोच्या आत-बाहेर. सकाळी जाणवत नाही, चार वाजता मान सांगते. कॅमेरा ठीक. स्पीकरचा आवाज कुणी ऐकतंय?

अँड्रॉइड मात्र घेतला तेव्हाच जुनं होतं आणि त्यानंतर एकच अपडेट आलं. अंग अजून पाच वर्षं टिकेल असं दिसतंय, ॲप तोवर चालतील का, हा हिशोब घेण्याआधीच करायला हवा.