लेहच्या चांगस्पा भागातील गेस्ट हाउस : धावपटूंच्या झोपेच्या दृष्टीने

सप्टेंबरमधील लडाख मॅरेथॉनसाठी पुण्या-मुंबईहून जाणारे अनेक धावपटू सरावाकरिता आधीच लेहला मुक्काम टाकतात आणि जागा ठरवताना वायफाय व गरम पाणी यांचीच चौकशी करतात. माझ्या मते पहिली चौकशी झोपेची असावी. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. ऑक्सिजन अपुरा पडल्याने श्वासाचा वेग वाढतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि झोपेत श्वास काही सेकंद थांबून माणूस दचकून जागा होतो. सुरुवातीच्या रात्री हे पुन्हा पुन्हा घडते. त्यावर कोणत्याही गेस्ट हाउसकडे इलाज नाही. मात्र झोपमोडीची बाकीची कारणे टाळणे त्याच्या हाती असते, आणि या घराने ती बरीचशी टाळली आहेत.

घर जुन्या लडाखी पद्धतीचे, कच्च्या विटांच्या हातभर जाड भिंतींचे असल्याने रात्री पारा उतरला तरी खोलीत ऊब टिकते आणि खिडकी किलकिली ठेवून झोपता येते. छातीवर ओझे वाटणाऱ्या रजाईऐवजी हलकी ब्लँकेट्स मागितली, तर ती लगेच मिळाली. मालकीणबाईंना, म्हणजे सगळ्यांच्या आमा-लेंना, धावपटूंची चांगली सवय आहे. रात्रीचा गरम थुक्पा सातच्या आत पुढ्यात येतो आणि आल्या दिवशीच कोणी बूट चढवून पळायला निघाला, तर त्या त्याला दारातच अडवतात.

मोठी उणीव स्वच्छतागृहाची आहे. इतक्या उंचीवर सुरुवातीला लघवीला वारंवार उठावे लागते, आणि वरच्या मजल्यावरील खोल्यांसाठीचे स्वच्छतागृह खाली अंगणाच्या कडेला आहे. थंडीत जिना उतरून-चढून आल्यावर धाप लागते, आणि मग झोप लवकर परत येत नाही. त्यामुळे तळमजल्याचीच खोली मागावी, तीही बागेकडची, कारण रस्त्याच्या बाजूला कुत्री रात्रभर भुंकतात.

आणखी एक गोष्ट स्पर्धकांनी लक्षात ठेवावी. डोके दुखत असल्याचे सांगितले, की इथे आपुलकीने उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी पुढे केली जाते. पर्यटकाला तिचा उपयोग होतो आणि झोपेतील श्वासही तिने सुधारतो. पण तिच्यातील ॲसिटाझोलामाइड हे मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारे, औषध ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहे, स्पर्धेच्या काळात आणि एरवीही. ज्यांची उत्तेजक चाचणी होऊ शकते, त्यांनी ती परस्पर घेऊ नये. त्रास वाढल्यास डॉक्टरांकडे जावे आणि आपण स्पर्धक असल्याचे आधी सांगावे. आमा-लेंना हे समजावल्यावर त्या प्रत्येकाला आधी विचारू लागल्या, हे मला फार आवडले.

भाडे शेजारच्या घरांपेक्षा थोडे जास्त आहे, पण शांत झोपेसाठी मी ते आनंदाने दिले. ऑगस्टच्या अखेरीस तळमजल्याच्या खोल्या लवकर भरतात, तेव्हा आधीच फोन करून ठेवावा.