स्वस्त एलसीडी डबा, बॅटरीवाला छोटू की प्लगवाला मोठा: पोर्टेबल प्रोजेक्टर घेण्याआधी

कोणी मला विचारलं की प्रोजेक्टर घ्यायचाय, कुठला घेऊ, तर मी आधी उलटा प्रश्न टाकतो, खोलीत अंधार किती होतो? समोरच्याला हा प्रश्न फालतू वाटतो, त्याला बॅटरी, अँड्रॉइड, फोर-के वगैरेवर बोलायचं असतं. पण माझे स्वतःचे दोन झालेत आणि दादाकडचा तिसरा मी महिनाभर आणून वापरलाय, त्यावरून सांगतो, घेऊन पस्तावणारे बहुतेक लोक उजेडापायी पस्तावतात, बाकीच्या गोष्टींना काही ना काही जुगाड निघतो.

तर बाजारात ढोबळमानाने तीन जाती आहेत. पहिला स्वस्तातला एलसीडी डबा, आत एक पांढरा एलईडी, पुढे एकच एलसीडी पॅनल म्हणजे चित्र बनवणारी काच, बॅटरी सहसा नसते, आकार मोठ्या टिफिनएवढा. दुसरा बॅटरीवाला छोटू, कोल्ड्रिंकच्या कॅनसारखा, आत डीएलपी म्हणजे बारीक बारीक आरशांची चिप. अँकरचा नेब्यूला कॅप्सूल ३ घ्या, २०० अॅन्सी ल्युमेन्स (ल्युमेन्स म्हणजे उजेडाचं माप, अॅन्सी काय ते पुढे सांगतो) आणि ५२ वॉट-अवरची बॅटरी. तिसरा पण डीएलपीच पण बॅटरी काढून टाकलेला आणि उजेड वाढवलेला, जसा एक्सजिमीचा मोगो २ प्रो, ४०० आयएसओ ल्युमेन्स (आयएसओ पण उजेड मोजायचीच एक पद्धत), ६५ वॉटच्या टाइप-सी चार्जरवर चालतो. सॅमसंगचा फ्रीस्टाइल २०२२ मध्ये आला तो मधलाच प्रकार म्हणायचा, ८३० ग्रॅमचा, दिसायला एकदम उचलला आणि निघालो असा, पण आत बॅटरी नाही, आणि हे अनेकांना घरी आणल्यावर कळतं.

आता उजेड. पहिल्या जातीच्या खोक्यावर ९,०००, १५,००० असले आकडे छापलेले असतात, ते वाचायचेच नाहीत. अॅन्सी पद्धतीत पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येक ठिकाणी उजेड मोजतात आणि सरासरी काढतात, म्हणजे भिंतीवर खरंच पोचलेला उजेड. "एलईडी ल्युमेन्स", "लाइट सोर्स ल्युमेन्स" वगैरे लिहिलं असेल तर ते दिव्यापाशीच मोजलंय किंवा मनाने ठोकलंय. एलसीडीमध्ये तर पोलरायझर नावाच्या फिल्टरपाशीच निम्मा उजेड जातो, उरलेल्यातला मोठा हिस्सा रंगांचे फिल्टर खातात, त्यामुळे आत कितीही झगझगीत एलईडी बसवा, लेन्समधून बाहेर येताना त्याची हवा गेलेली असते. अॅन्सी किंवा आयएसओ आकडा कुठेच छापला नसेल तर तेच उत्तर समजायचं.

आणि नुसता आकडा पण पुरत नाही, तो किती मोठ्या चित्रावर पसरणार हे बघायला लागतं. १०० इंची चित्र साधारण २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२५ उंच असतं. त्यावर २०० ल्युमेन्स पसरले की साध्या पांढऱ्या पडद्यावर जेमतेम २३ निट्स (पडदा किती उजळ दिसतो त्याचं माप) मिळतात. थिएटरमधल्या साध्या चित्राचं स्टँडर्ड ४८ निट्सचं आहे, आणि ते सुद्धा पूर्ण अंधारात. तेच २०० ल्युमेन्स ६० इंचावर टाकले की ६४ निट्स होतात, चित्र एकदम जिवंत होतं. ४०० वाला १०० इंचावर ४६ पर्यंत जातो. म्हणजे छोटू वाईट नाहीये, छोटूला १०० इंच करायला लावणं वाईट आहे. कंपन्या खोक्यावर "१२० इंचांपर्यंत" लिहितात, होतं ना, होतं, चित्र तेवढं होतं, दिसतं का हा वेगळा विषय.

एक प्रसंग सांगतो. दुपारी चार वाजता पडदे ओढून आम्ही पहिल्या डब्यावर सिनेमा लावला, पडद्याच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत येत होती, बोटभर रुंद फक्त. सिनेमात माणूस रात्री बोगद्यातून चाललाय, म्युझिक वाढतंय, आणि आम्हाला दिसतेय आमची भिंत, त्यावरचं खिळ्याचं भोक आणि बाजूला रंगाचा ओघळ. प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही हो, तो फक्त उजेड टाकतो, काळा म्हणजे जिथे उजेड टाकला नाही ती जागा, मग तुमची भिंत जेवढी काळी दिसेल तेवढाच सिनेमातला काळोख. दिवसा बघायचं असेल तर या तिघांपैकी कुठलाच घेऊ नका, टीव्ही घ्या, सरळ सांगतो.

रिझोल्यूशनचा घोळ त्यामानाने सोपा आहे. "१०८०पी सपोर्टेड" आणि "नेटिव्ह १०८०पी" यात जमीन-अस्मानाचा फरक. नेटिव्ह म्हणजे पॅनलवर पिक्सेलच तेवढे. सपोर्टेड म्हणजे तुमची फाइल घेईल, दाखवताना मात्र ८५४ बाय ४८० किंवा १२८० बाय ७२० वर आणून दाखवेल. "फोर-के सपोर्ट" ची पण हीच गत. हल्ली एलसीडी डब्यातही खरे १०८०पी पॅनल येतात आणि मधोमध चित्र चांगलं टोकदार दिसतं, पण लेन्स स्वस्तातली असल्यामुळे मध्य शार्प केला की कोपरे पुसट आणि कोपरे केले की मध्य पुसट, मी अर्धा तास ती रिंग फिरवत बसलेलो आहे. उलट डीएलपीच्या छोट्या चिपवर बऱ्याचदा आरसे फक्त ९६० बाय ५४० असतात आणि चित्र पटापट चार जागी सरकवून १०८०पी बनवतात. ऐकायला फसवणूक वाटते पण सिनेमा बघताना मला कधी खटकलं नाही. लॅपटॉप जोडून बारीक अक्षरं वाचायला गेलो तेव्हा थोडं मऊ वाटलं, बस.

डीएलपीची एक गंमत अशी की त्यात लाल, हिरवा, निळा एकामागोमाग एक पडतात आणि मेंदू ते जोडतो, काही लोकांचा मेंदू नीट जोडत नाही. मला काही दिसत नाही, वहिनीला मात्र काळ्यावर पांढरी नावं सरकायला लागली की कडेने इंद्रधनुष्य दिसतं आणि मग डोकं धरतं. घ्यायच्या आधी घरातल्या सगळ्यांना अशा पांढऱ्या अक्षरांवरून नजर झरकन इकडून तिकडे फिरवायला सांगा. कोणाला दिसलं तर त्या घरासाठी एलसीडीच बरा.

धुळीच्या बाबतीत मात्र पहिली जात साफ हरते, म्हणजे स्वस्तातली, सीलबंद नसलेली. पॅनल गरम होऊ नये म्हणून पंखा बाहेरची हवा थेट त्याच्यावरूनच फिरवतो, हवेबरोबर धूळ पण येते, आणि पॅनलजवळ बसलेला कण भिंतीवर बोराएवढा दिसतो. माझ्याकडे आठ महिन्यांनी हे झालं. आधी वाटलं हिरॉइनच्या गालावर तीळ आहे, मग सीन बदलला आणि तीळ डोंगरावर गेला. खोलून साफ करता येतो, मी केला, एक डाग गेला आणि दोन आले. डीएलपी छोटूंमध्ये ऑप्टिकल भाग बहुधा बंदिस्त असतो, हा त्रास फारसा होत नाही. "३०,००० तास आयुष्य" ला पण फार भुलू नका, रोज तीन तास धरले तर ते सत्तावीस वर्षं होतात, एलईडी टिकेल कदाचित, पण पंखा, पॅनल आणि आतलं अँड्रॉइड त्याच्या किती आधी मान टाकतील.

जागेचं गणित टेपने करा, अंदाजाने नको. थ्रो रेशो १.२ लिहिला असेल तर चित्राच्या रुंदीच्या १.२ पट लांब ठेवायचा, म्हणजे १०० इंचासाठी सुमारे २ मीटर ६५ सेंटिमीटर, आणि तिथे नेमका सोफा येतो की दरवाजा हे आधी बघा. वाकडा ठेवून कीस्टोनने, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करायच्या सोयीने, सरळ करता येतं, ऑटो कीस्टोन तर जादूच वाटतो, पण तो चिपच्या कडेचे पिक्सेल फुकट घालवून चित्र सरळ करतो, उजेड आणि बारकावा दोन्ही कमी होतात, शिवाय अंधारात चित्राभोवती एक वाकडा राखाडी चौकोन दिसत राहतो, एकदा दिसला की मग तोच दिसतो. शक्यतो समोरासमोर ठेवा. छतावर बघायची हौस असेल तर फ्रीस्टाइलचं १८० अंशांत फिरणारं स्टँड खरंच कामाचं आहे, डब्याला मात्र पुस्तकांचा डोंगर रचावा लागतो आणि तो पडतो.

अॅप्सवर थोडं जास्त बोलतो कारण इथे लोक हमखास अडकतात. स्वस्त डब्यात अँड्रॉइड असतं पण ते बऱ्याचदा मोकळं अँड्रॉइड, गुगल टीव्हीचं सर्टिफिकेट नसलेलं. नेटफ्लिक्ससारखी अॅप्स तिथे एकतर चालत नाहीत किंवा चालली तरी वाइडवाइन एल३ (कॉपी रोखणाऱ्या कुलपाची सगळ्यात खालची पातळी) असल्यामुळे चित्र ४८०पी च्या आसपास अडकतं, आणि तुम्ही बसता प्रोजेक्टरला शिव्या देत. मग माणूस फोन मिरर करायला जातो, मेनू दिसतो, पोस्टर दिसतं, प्ले दाबलं की स्क्रीन काळी आणि नुसता आवाज. फोन बिघडलेला नाही, कॉपी होऊ नये म्हणून अॅप मुद्दाम तसं करतं. यावरचा उपाय सोपा, एचडीएमआयमध्ये वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावा आणि आतलं अँड्रॉइड विसरून जा. डब्याचं सगळ्यात मोठं दुखणं तिथेच संपतं. छोट्या मॉडेल्समध्ये फक्त सॉकेट बघून घ्या, पहिल्या फ्रीस्टाइलला मायक्रो एचडीएमआय आहे, स्टिक थेट बसत नाही, अॅडाप्टर लागतो.

आवाजाचं काय, तिन्हींचा कामचलाऊ. ब्लूटूथ स्पीकरवर ओठ आणि शब्द मागे-पुढे होऊ शकतात, हेडफोनचं भोक असेल तर वायर लावा आणि मोकळे व्हा.

राहिली बॅटरी. कॅप्सूल ३ ची कंपनी अडीच तास सांगते, पण बॅटरीवर बरेच प्रोजेक्टर आपोआप उजेड उतरवतात, म्हणजे आधीच कमी असलेल्या उजेडात आणखी कपात. मी दादाचा छोटू महिनाभर वापरला तेव्हा तो दिवाणखान्यातून बेडरूममध्ये गेला, परत आला, दोनदा गच्चीवर गेला, आणि गच्ची सोडली तर सगळीकडे प्लग होता. तरी एक कबूल करतो, जमिनीवरून वायर गेलेली नसणं हे सुख मोठं आहे, अंधारात पाणी प्यायला उठणारा माणूस तिच्यात अडकतोच. प्लगवाल्याला पॉवर बँक लावायचा विचार असेल तर फोनची २० वॉटची चालणार नाही, मॉडेल मागेल तेवढे वॉट, म्हणजे ६५ वगैरे, टाइप-सी पीडीवर (जास्त वॉटने चार्ज करायची पद्धत) देणारी लागते.

तर माझं मत विचाराल तर, घरात अंधार नीट होतो आणि ८० ते १०० इंच बघायचंय तर तिसरी जात, डोळे झाकून, हलवायला तेवढी अडचण येत नाही जेवढी आपण दुकानात उभं राहून कल्पना करतो. खोली लहान आहे, ६० इंच भरपूर झाले, आज इथे उद्या तिथे असं खरंच होतं, तर छोटू. आणि आपल्याला हे मोठ्या पडद्याचं प्रकरण झेपतंय का एवढंच बघायचं असेल, किंवा वहिनीसारखं इंद्रधनुष्य दिसणारं कोणी घरात असेल, तर डबा, पण नेटिव्ह १०८०पी बघून आणि परत करायची मुदत बघून. कुठलाही आणा, मुदतीच्या आत रात्री एकदा पूर्ण काळा फोटो लावून डाग बघा, मग बारीक अक्षरांचं पान लावून चारही कोपरे बघा, आणि एक अख्खा सिनेमा सलग चालवा, पंख्याचा खरा आवाज तासाभराने सुरू होतो.

माझा पहिला डबा अजून आहे. पोरं त्यावर कार्टून बघतात, डागासकट, आणि त्या डागाला त्यांनी नाव पण ठेवलंय.