सॅमयांग १४ मिमी एफ/२.८: अरोरासाठी स्वस्तातली लेन्स, पण अनंताची खूण तुमची तुम्हीच शोधा

सॅमयांगची १४ मिमी एफ/२.८ ही पूर्णपणे हाताने चालवायची लेन्स. रोकिनॉन, बॉवर, वॉलिमेक्स या नावांखालीही तीच विकली जाते. आतली काच एकच, बाहेरचा शिक्का वेगळा. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला, स्वीडनमधल्या आबिस्कोला किंवा आइसलँडला अरोरा (ध्रुवीय प्रदेशात रात्री आभाळात दिसणारा रंगीत प्रकाश) टिपायला निघालेल्यांना पहिली वाइड लेन्स म्हणून बहुतेक वेळा हीच सुचवली जाते, कारण मोठ्या कंपन्यांच्या १४-२४ मिमी एफ/२.८ झूमच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाच्या पैशांत ती येते. सल्ला बरोबर आहे, पण अर्धवट. या लेन्सच्या दोन खोड्या आहेत आणि दोन्ही घरी असतानाच निस्तराव्या लागतात. उणे पंधरा अंशांत, हातमोजे घालून, डोक्यावर हिरवा पट्टा सरकत असताना ते जमत नाही.

आधी ती आहे कशी ते बघू. दहा गटांत चौदा भिंगं, साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास वजन, पुढे फुगीर काच आणि तिच्याभोवती न निघणारं पाकळ्यांचं हूड. ऑटोफोकस नाही, स्टॅबिलायझेशन नाही. कॅनन आणि सोनी माउंटच्या साध्या आवृत्तीत चिपही नाही. अपर्चर (प्रकाश आत सोडणारं भोक; एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) लेन्सवरच्या रिंगने फिरवायचं, आणि फोटोसोबत लेन्सची कुठलीच माहिती नोंदली जात नाही. निकॉनसाठी चिप असलेली एई आवृत्ती मिळते. निकॉनवाल्यांनी तीच घ्यावी. तिची रिंग मात्र एफ/२२ वर नेऊन ठेवायची आणि अपर्चर बॉडीवरून बदलायचं. रिंग दुसऱ्या आकड्यावर राहिली की डीएसएलआर ‘एफईई’ दाखवून अडून बसतो. बिनचिपची लेन्स मिररलेस बॉडीवर लावली तर कॅमेऱ्याला वाटतं लेन्स लावलेलीच नाही, आणि शटर उडत नाही. लेन्स नसताना शटर उडू देण्याचा पर्याय मेनूत असतो, तो चालू करा. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर ट्रायपॉडवर ते बंद ठेवा.

फुलफ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) या लेन्सचा आडवा कोन १०४ अंश आणि उभा ८१ अंश. म्हणजे कॅमेरा आडवा ठेवून क्षितिज फ्रेमच्या खालच्या कडेला घेतलं, तर वरची कड जवळजवळ डोक्यावर पोचते. कॅमेरा उभा केला तर डोक्याच्याही पलीकडचं आभाळ येतं. ट्रॉम्सो अरोराच्या पट्ट्याखालीच असल्यामुळे तिथे या रुंदीचा खरा उपयोग होतो. अरोरा जोरात असला की सगळे किरण एका बिंदूतून फुटल्यासारखे दिसतात, तो ‘कोरोना’ अगदी माथ्यावर नसतो, तर किंचित दक्षिणेकडे असतो, कारण किरण चुंबकीय क्षेत्राच्या रेषांना धरून असतात आणि त्या रेषा तिथे थोड्या कललेल्या आहेत. सगळेजण उत्तरेकडे तोंड करून ट्रायपॉड लावतात. कोरोना फुटला की तो पाठीमागे, वर असतो. बॉलहेड सरळ वर वळताना ट्रायपॉडच्या हँडलला अडकत नाही ना, हे आधीच पाहून ठेवा.

आता पहिली खोडी: अनंताची खूण, म्हणजे ताऱ्यांसारख्या फार लांबच्या गोष्टींवर फोकस दाखवणारी. या लेन्सच्या पुष्कळ नगांवर पट्टीवरची अनंताची खूण आणि खरा अनंताचा फोकस यांचा मेळ बसत नाही. कुठे तो खुणेच्या अलीकडे असतो, कुठे पलीकडे, आणि रिंग खुणेच्या पुढेही फिरते. ‘१४ मिमीला डेप्थ (एकाच वेळी स्पष्ट दिसणारा जवळ-लांबचा पट्टा) एवढी असते की चूक खपून जाते’ असं दुकानदार सांगतात. जुन्या हिशेबाने एफ/२.८ ला हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केला की अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं ते) २.३ मीटर येतं हे खरं, पण तो हिशेब लहान प्रिंटसाठीचा आहे. आजच्या सेन्सरवर ताऱ्यासारखा टोकदार बिंदू तपासायचा तर किती धूसरपणा चालेल याचा निकष निम्म्यावर आणावा लागतो आणि तेच अंतर साडेचार-पाच मीटरवर जातं. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं छान दिसतं. घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं की तारे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगलेले निघतात.

उपाय सोपा आहे, एका संध्याकाळचं काम. भंडारदरा, वेल्हे किंवा गावाकडचं शेत, जिथे तारे नीट दिसतात अशी जागा घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, अपर्चर एफ/२.८, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा. हिवाळ्यात व्याधाएवढा सोयीचा तारा नाही. तो फ्रेमच्या मध्याजवळ आणा. रिंग सावकाश फिरवा. तारा बारीक होत जातो आणि एका जागेनंतर पुन्हा फुगायला लागतो. मागे या. मग दुसऱ्या बाजूने येऊन तीच जागा मिळते का पाहा, कारण रिंगमध्ये थोडी ढिलाई असते. दहा सेकंदांचा एक फोटो काढा, शंभर टक्के मोठा करून तपासा, आणि जागा पक्की झाली की रिंगवर व बॅरलवर समोरासमोर पांढऱ्या पेनाने बारीक रेघ ओढा. रबराची पट्टी सरकवून खालचे स्क्रू सैल करून अख्खी अंतराची पट्टीच पुन्हा जुळवण्याचा मार्गही आहे. बारीक स्क्रूंवर हात बसलेला असेल तरच त्या वाटेला जा. रेघेने काम भागतं.

ही रेघ मात्र शेवटचा शब्द नाही. थंडीत धातू आकसतो आणि फोकसची जागा केसभर हलते. म्हणून मुक्कामी पोचल्यावर अरोरा उगवायच्या आत रेघेपासून सुरुवात करून ताऱ्यावर पुन्हा नेमकं करा. तिथे व्याध उपयोगाचा नाही. ट्रॉम्सोच्या अक्षांशावर तो क्षितिजाच्या जेमतेम चार अंश वर येतो आणि डोंगराआडच राहतो. ब्रह्महृदय आणि अभिजित हे दोन तारे तिथे मावळतच नाहीत, त्यांतला जो उंच असेल तो घ्या. नेमकं झालं की रिंग टेपने चिकटवून टाका. टेपची एक गंमत लक्षात ठेवा: कडाक्याच्या थंडीत ती धरतच नाही. तुकडे खोलीतच कापून एक टोक बॅरलवर आधीच दाबून ठेवा; बाहेर फक्त दुसरं टोक रिंगवर टेकवायचं. थंडीत आतलं ग्रीसही घट्ट होतं आणि रिंग जड फिरते. तिला झटका देऊन हलवू नका, नाहीतर ती नेमक्या जागेच्या पुढे जाते.

दुसरी खोडी नगानगातल्या फरकाची. काही नगांत एखादं भिंग तिरकं बसलेलं असतं. मग फ्रेमची डावी बाजू टोकदार आणि उजवी मऊ येते, किंवा उलट. हे फोकसने सुटत नाही. वरच्याच संध्याकाळी, मध्यावर फोकस नेमका केल्यावर, ताऱ्यांनी भरलेल्या आभाळाचा एक फोटो काढा आणि चारही कोपरे शेजारी शेजारी ठेवून पाहा. चारही सारखेच किंचित मऊ असतील तर चालेल. एकच कोपरा बिघडलेला असेल तर परतीची मुदत संपायच्या आत नग बदलून घ्या. सेकंडहँड घेताना या चाचणीशिवाय पैसे देऊ नयेत. चांगला नग मिळाला तर मात्र ही लेन्स तिच्या किमतीला लाजवते. कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटल्यासारखे दिसतात तो कोमा हिच्यात एफ/२.८ लाही आटोक्यात असतो, आणि तिच्या कितीतरी पट महाग वाइड लेन्सना हे जमलेलं नाही.

फिल्टर लावता येत नाही, ही या लेन्सबद्दलची नेहमीची तक्रार. अरोरासाठी तो चक्क फायदा आहे. लेन्सवर सपाट यूव्ही फिल्टर असेल तर अरोराच्या फोटोत मधोमध एकाभोवती एक अशी फिकी वर्तुळं उमटतात. अरोराचा हिरवा रंग ऑक्सिजनच्या ५५७.७ नॅनोमीटर या एकाच अरुंद रेषेतून येतो. फिल्टरच्या दोन समांतर पृष्ठभागांमध्ये असा प्रकाश पुढेमागे परावर्तित होऊन स्वतःशीच मिसळतो आणि वलयं तयार होतात. ती नंतर संगणकावर काढणं महाकठीण. ‘काच जपायला’ म्हणून फिल्टर न काढणाऱ्यांची अख्खी सहल यात वाया जाते. या लेन्सवर ती चूक करताच येत नाही. फुगीर काच मात्र खरोखर जपावी लागते, आणि टोपण ढिलं बसतं. बॅगेत ते निसटू नये म्हणून वरून रबरबँड घाला.

खरी मर्यादा एफ/२.८ ची. अरोराच्या शांत, मंद कमानीला ती पुरते: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, १० ते १५ सेकंद. कमान उजळली की आयएसओ १६०० आणि ५ सेकंदांच्या आसपास. पण अरोरा नाचू लागला की त्याच्या घड्या एकेका सेकंदात जागा बदलतात. तेव्हा आठ सेकंदांच्या फोटोत पडद्याच्या घड्या विरघळून नुसतं हिरवं धुकं उरतं, आणि खालच्या कडेची नायट्रोजनची गुलाबी झालर पांढरीफटक पडते. तिथे १ ते २ सेकंद लागतात, म्हणजे एफ/२.८ ला आयएसओ ३२०० ते ६४००. तुलना करायची तर एफ/२.८ ला जिथे चार सेकंद लागतात, तिथे एफ/१.८ ला पावणेदोन आणि एफ/१.४ ला एकच सेकंद पुरतो. सिग्माची १४ मिमी एफ/१.८ किंवा सोनीची १४ मिमी एफ/१.८ घेणारे पैसे मोजतात ते याच फरकासाठी, आणि तो फरक खरा आहे. मात्र सिग्मा किलोच्या वर जाते; सोनी अर्ध्या किलोच्या आत आहे, पण किमतीत सॅमयांगचे कितीतरी नग येतील.

एक्स्पोजर ठरवताना स्क्रीनच्या उजेडावर जाऊ नका; काळोखात कमी एक्स्पोज झालेला फोटोही झगझगीत दिसतो. स्क्रीनची चमक सगळ्यात खाली आणा आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) रंगांचा वेगवेगळा लावा. एकत्रित हिस्टोग्राममध्ये सगळं आलबेल दिसत असताना हिरवा एकटाच उजव्या भिंतीला टेकलेला असतो. फोटो रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये), व्हाइट बॅलन्स ३५०० ते ४००० केल्विनवर कायम ठेवलेला.

कोपरे एफ/२.८ ला जवळजवळ दोन स्टॉप काळवंडतात (दर स्टॉपला प्रकाश निम्मा). ते उजळले की तिथेच दाणे दिसतात, त्यामुळे महत्त्वाचं काही कोपऱ्यात ठेवू नका. विकृतीही साधी नाही, मिशीसारखी वळणारी आहे: सरळ रेघ मध्यावर एका दिशेला वाकते आणि टोकांना उलट. डोंगरांत कळत नाही; नॉर्वेतल्या लोफोटेनच्या किनाऱ्यावर समुद्राचं क्षितिज फ्रेमच्या खालच्या भागात घेतलं की लगेच उघडं पडतं. फोटो सुधारायच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये या लेन्सचं प्रोफाइल आहे, पण चिप नसलेल्या आवृत्तीत ते आपोआप लागत नाही, यादीतून हाताने निवडावं लागतं.

काचेवर दव किंवा हिम धरणं हा फुगीर भिंगाचा कायमचा ताप. यूएसबीवर चालणारा हीटर पट्टा हूडच्या मागे बॅरलभोवती गुंडाळा. फोकसची टेप लावल्यानंतर, आधी नाही. काचेवर फुंकर मारून पुसायला जाऊ नका, श्वासातली वाफ तिथेच गोठते. आत येण्याआधी कॅमेरा लेन्ससकट झिपच्या पिशवीत बंद करा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. मेमरी कार्ड बाहेरच काढून घ्या, म्हणजे फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडली जात नाही. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात.

नवी घेणार असाल आणि बजेट थोडं ताणता येत असेल तर हिचीच एमके-२ आवृत्ती बघा. तिच्यात हवामानापासून बचावाचं सीलिंग आहे आणि फोकस जागेवर पक्का करण्याचं लॉक आहे. टेपचा सगळा खटाटोप वाचतो. एपीएस-सी (फुलफ्रेमहून लहान सेन्सरची) मिररलेस बॉडी असेल तर १४ मिमी घेऊच नका; तिच्यावर ती २१ मिमीसारखी वागते. त्याच कंपनीची १२ मिमी एफ/२ हलकी आहे, एक स्टॉप अधिक प्रकाश देते आणि वाइडही राहते. तिला फिल्टरचा आटा आहे, त्यामुळे वलयांचा धोका तेवढा लक्षात ठेवा.

लडाखमधल्या हानलेसाठी म्हणून ही लेन्स घ्यायचा विचार असेल तर थांबा. १०-११ मे २०२४ च्या मोठ्या सौरवादळात तिथल्या कॅमेऱ्यांनी आभाळात लाल झाक टिपली, पण ती उत्तरेच्या क्षितिजालगत होती. एवढ्या दक्षिणेकडून अरोराचा फक्त वरचा, कित्येकशे किलोमीटर उंचीवरचा भाग दिसतो, आणि तिथला ऑक्सिजन ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो. १४ मिमीत ती झाक तळाशी बोटभर येते. तिथे बॅगेत आधीच असलेली ५० मिमी एफ/१.८ उत्तरेकडे लावा: एफ/२, आयएसओ ३२००, आठ सेकंद, आणि ठरावीक अंतराने फोटो काढणाऱ्या इंटरव्हलोमीटरवर रात्रभर चालू ठेवा.