सोंदोकचा कोरिया, काही महिन्यांनंतर : सिव्हिलायझेशन ६ चा अनुभव

सिव्हिलायझेशन ६ या टर्न-टर्नने राज्य वाढवायच्या संगणकीय गेममध्ये जिंकायचं कसं हेच उमगत नसेल तर खेळायला कोरिया घ्या. आणि जिंकायची सवय झाली असेल तर कोरियापासून चार हात लांब राहा. गेले काही महिने मी जवळजवळ फक्त कोरियाच खेळतोय, आणि हे दोन्ही सल्ले मला सारखेच खरे वाटतात.

नवख्यांसाठी थोडं. २०१६ च्या मूळ गेममध्ये कोरिया नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘राइज अँड फॉल’ हा विस्तार (मूळ गेमला जोडायचा भाग) आला, त्यात राणी सोंदोकबरोबर कोरिया आला. मी त्यापुढचं ‘गॅदरिंग स्टॉर्म’ही लावून खेळतो, तेव्हा खालचे आकडे त्या नियमांप्रमाणे.

कोरियाचा सगळा खेळ सोवॉन या एका डिस्ट्रिक्टभोवती (नकाशावरच्या एका षटकोनी घरात, म्हणजे टाइलवर, बांधायचा शहराचा विभाग) फिरतो. इतरांना सायन्ससाठी (नवी तंत्रज्ञानं शिकायला लागणारे गुण) कॅम्पस बांधावा लागतो, आणि चांगल्या कॅम्पससाठी जागा हुडकत फिरावं लागतं. शेजारी पर्वत असेल तर प्रत्येकी १, प्रवाळ असेल तर २, दोन रेनफॉरेस्टमागे मिळून १. कधी जमतं, कधी नाही. सोवॉनला यातलं काहीच लागत नाही. टेकडी मिळाली की सरळ ४ सायन्स, आणि तेही कॅम्पसपेक्षा कमी प्रोडक्शनमध्ये, म्हणजे कमी बांधकाम-खर्चात. सुरुवातीला अख्ख्या राज्याचं सायन्स एकेरी आकड्यात रखडलेलं असतं, तेव्हा हे ४ म्हणजे काय चीज आहे ते खेळणाऱ्याला सांगायला नको. शहराची लोकसंख्या १ असतानाच पहिलं डिस्ट्रिक्ट बांधता येतं, त्यामुळे ‘रायटिंग’ शिकून झालं की प्रत्येक नवं शहर वसवल्या वसवल्या सोवॉनला हात घालतं. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाचा हात टेकडी दिसली की किल्ल्याकडे जातो. गेममध्ये मात्र टेकडीवर विद्यापीठ बांधायचं, हे पचायला मला जरा वेळ लागला.

अट एकच, पण ती सगळ्या खेळाला वळण देते : सोवॉनच्या शेजारी दुसरं डिस्ट्रिक्ट आलं की प्रत्येकामागे १ सायन्स वजा. शहराचं मुख्य केंद्रसुद्धा डिस्ट्रिक्टच धरतात. म्हणजे सोवॉन केंद्राला चिकटून बांधलं तर पहिल्याच दिवशी ४ चे ३ होतात. केंद्रापासून एक टाइल सोडून टेकडी शोधायची, आणि तिच्याभोवतीच्या सहा टाइल्सवर पुढे कधीही बाजार, नाटकगृह, कारखाना यातलं काही उभं करायचं नाही. मग तिथे करायचं काय? त्याचं उत्तर कोरियाच्या दुसऱ्या क्षमतेत आहे. सोवॉनला लागून असलेल्या प्रत्येक खाणीला १ सायन्स जास्त मिळतं आणि प्रत्येक शेताला १ अन्न. टेकडीच्या शेजारी बहुधा टेकड्याच असतात, म्हणून खाणींची रांग लावायची. कामगार तिथे राबतात, प्रोडक्शनही येतं आणि सायन्सही. शिवाय तीन खाणी झाल्या की ‘अप्रेंटिसशिप’ या तंत्रज्ञानाचा युरेका (ते लवकर शिकता येईल अशी सूट) मिळतो, तो कोरियाला न मागता मिळतो.

गेममधल्या बाकीच्या बहुतेक संस्कृती तुम्हाला उलटं शिकवतात. डिस्ट्रिक्ट्स एकमेकांना खेटून बांधा, घोळका करा, शेजाराचा फायदा घ्या. जपान तर यात सगळ्यांच्या पुढे. त्यांना प्रत्येक शेजारच्या डिस्ट्रिक्टमागे इतरांच्या दुप्पट, म्हणजे पूर्ण १ मिळतो. म्हणून जपान खेळून आलेला माणूस कोरियात पहिले दोन-तीन डाव चाचपडतो. माझी आता एक पद्धत बसली आहे. सेटलर (शहर वसवणारी तुकडी) जमिनीवर उतरायच्या आधीच नकाशावर पिना टोचून ठेवायच्या : केंद्राच्या एका अंगाला सोवॉन आणि खाणी, दुसऱ्या अंगाला बाकी सगळा पसारा. कारखान्याला धरण आणि जलवाहिनी शेजारी लागतात, बाजाराला नदी. ती सगळी मंडळी एकत्र नांदू देत, फक्त सोवॉनच्या कुंपणाबाहेर. गव्हर्नमेंट प्लाझा (राज्यकारभाराचं डिस्ट्रिक्ट) मात्र सोवॉनशेजारी आला तरी चालतो. तो शेजाऱ्यांना १ देतो, सोवॉन त्याच्यामुळे १ घटवतं, हिशोब शून्यावर येतो.

एवढं पाळलं की ४ हा आकडा हलत नाही, आणि गेमचे पुढचे नियम नेमके त्याच आकड्यावर मेहेरबान आहेत. ‘नॅचरल फिलॉसॉफी’ हे पॉलिसी कार्ड (राज्याचं धोरण) लावलं की शेजाराचा बोनस (सोवॉनचे ४ त्यातच धरतात) दुप्पट होतो, ४ चे ८. पुढे ‘रॅशनॅलिझम’ येतं. त्यात शहराची लोकसंख्या १५ असेल तर सायन्सच्या इमारतींचं उत्पन्न ५० टक्के वाढतं, आणि डिस्ट्रिक्टचा शेजार-बोनस किमान ४ असेल तर आणखी ५० टक्के. इतर लोक या ४ साठी पर्वतांच्या घळी शोधत बसतात. कोरियाला तो जन्मजात मिळालेला असतो.

तोटे? आहेत. नदीकाठच्या सपाट सुपीक जमिनीवर, जिथे दुसरं कोणीही शहर वसवायला झडप घालेल, तिथे कोरियाला टेकडी नसली तर सोवॉनच बांधता येत नाही. सुरुवात बहुतेक वेळा टेकड्यांच्या आसपास मिळते, पण तिसऱ्या-चौथ्या शहरापासून नशिबावर आहे. दुसरं म्हणजे सोवॉन आणि खाणी केंद्रापासून लांब पडतात, त्यामुळे रानटी टोळ्यांचे घोडेस्वार आले की आधी तिथे धाड पडते. आणि शत्रूने सोवॉन लुटलं तर त्याच्याच पदरात सायन्स पडतं. आपल्या शाळेवर शत्रूने हुशार व्हावं, यासारखी चरफड दुसरी नाही.

आता गव्हर्नर, म्हणजे शहरांवर नेमायचे अधिकारी. याबद्दल लोक फार कमी बोलतात, आणि माझ्या मते कोरियाची खरी गंमत इथे आहे. सोंदोकची स्वतःची क्षमता ‘ह्वारांग’ : ज्या शहरात गव्हर्नर स्थिरावला आहे तिथे त्याच्या प्रत्येक पदवीमागे सायन्स आणि कल्चर ३ टक्क्यांनी वाढतं, पहिलं पद धरून. एका गव्हर्नरच्या सगळ्या सहा पदव्या झाल्या की १८ टक्के. गव्हर्नर एकूण सात, म्हणजे सात शहरं. राजधानीत पिंगला हा गव्हर्नर ठेवायचा हे बहुतेकांना कळतं. त्याची १५ टक्क्यांची वाढ आणि माणशी १ सायन्स यांची ह्वारांगशी चांगली गट्टी जमते.

पण या पदव्या येतात कुठून? बऱ्याचशा सिव्हिक्समधून (कल्चर साठवून शिकायच्या समाजव्यवस्थेच्या कल्पना), म्हणजे कल्चरमधून. कोरिया खेळणारा नवखा खेळाडू सायन्सचा आकडा बघून हुरळतो, नाटकगृहं बांधतच नाही, आणि मध्ययुग संपता संपता हातात बंदुका असूनही राज्यपद्धती जुनाट, कार्डांना जागा नाही आणि गव्हर्नर एकेका पदवीवर अडकलेले. कल्चर मागे पडलं की पदव्या थांबतात, पदव्या थांबल्या की सायन्सची टक्केवारी थांबते. म्हणून प्रत्येक शहरात आधी स्मारक, सोवॉननंतर दुसरं डिस्ट्रिक्ट शक्यतो नाटकगृह, आणि गव्हर्नमेंट प्लाझा लवकरात लवकर, कारण तो आणि त्यातल्या इमारतीही पदव्या देतात. एवढं केलं की कोरिया दोन पायांवर चालतो. नाहीतर लंगडी.

लढाईच्या बाबतीत कोरियाला एकच खास युनिट आहे, ह्वाचा. ‘गनपावडर’ शिकलं की मिळतं, मारा ६०. त्या काळात क्रॉसबोवाल्यांचा मारा ४० असतो, आणि इतरांना ६० ची फील्ड कॅनन मिळायला औद्योगिक युग उजाडावं लागतं. फक्त ज्या टर्नला ह्वाचा हलतो त्या टर्नला तो मारा करू शकत नाही. चढाईसाठी अगदी निरुपयोगी. माझे ह्वाचे शत्रूच्या शहरापर्यंत पोचतात तोवर निम्मे संपलेले असतात. पण आधीच जागा हेरून टेकडीवर बसवले, पुढे भालेवाले उभे केले, तर समोरून येणाऱ्याची धडगत नाही.

आणि इथे गेम इतिहासाच्या फार जवळ जातो, कदाचित ठरवून. १५९३ मध्ये, जपानच्या स्वारीच्या काळात, हान नदीकाठच्या हेंगजूच्या डोंगरी किल्ल्यात कोरियन सेनापती ग्वोन यूल काही हजार लोकांनिशी बसला होता आणि चालून येणारं जपानी सैन्य सुमारे ३०,००० होतं. किल्ल्याच्या बचावात ह्वाचे होते : चाकांच्या गाड्यावर बसवलेली, एका वेळी बाणांचा पाऊस पाडणारी यंत्रं. जपानी फौजेला माघार घ्यावी लागली. उंचावर बसा, हलू नका, येऊ द्या. गेममधल्या त्या ‘हलला तर मारा नाही’ या नियमावर सुरुवातीला मी चिडायचो. हेंगजूबद्दल वाचल्यावर तोच नियम मला आवडायला लागला.

बाकी इतिहासाची मात्र गोधडी केली आहे. सोंदोक ही सिल्ला या जुन्या कोरियन राज्याची राणी, राज्यकाळ ६३२ ते ६४७. तिच्या काळाशी जोडली जाणारी चोम्सोंगदे ही सुमारे ९ मीटर उंचीची वेधशाळा ग्योंगजूमध्ये आजही उभी आहे. गेममध्ये एआयच्या सोंदोकच्या स्वभावाला तेच नाव दिलंय : तिला सायन्समध्ये पुढे असलेले आवडतात, मागे पडलेल्यांना ती टोमणे मारते. इथवर ठीक. पण तिच्या हातात दिलेली सोवॉनं तिच्यानंतर नऊ शतकांनी आली. जू से-बुंगने पहिलं सोवॉन स्थापलं ते १५४३ मध्ये, जोसन राजवटीत. यी ह्वांग या विद्वानाच्या विनंतीवरून पुढे राजाने त्याला सनद दिली आणि सोसू हे नाव मिळालं. ती होती कन्फ्यूशियसपंथी विद्वानांची खासगी विद्यालयं. सोंदोकने मात्र दरबारी पैसा ओतला तो बौद्ध मठांत, ह्वांगन्योंगसाचा नऊमजली लाकडी पॅगोडा तिच्याच काळातला, आणि मंगोलांनी तो १२३८ मध्ये जाळला. जोसनच्या अखेरच्या काळात तर सोवॉनं करमुक्त जमिनी आणि गटबाजी यांचे अड्डे झाल्यामुळे १८७१ मध्ये तेव्हाचा कारभारी देवोनगुन याने मोजकी ४७ ठेवून बाकी बंद पाडली. एवढ्या भानगडी असलेली संस्था गेममध्ये निव्वळ निळ्या सायन्सचा झरा म्हणून येते.

ह्वारांगचंही तसंच. सिल्लाच्या सरदार घराण्यांतल्या तरुण योद्ध्यांचे ते गट. पुढे तीन राज्यांच्या (सिल्ला, बेकजे, गोगुर्यो) लढायांत गाजलेला सेनापती किम यू-शिन त्यांच्यातलाच. त्यांचं नाव लावलंय गव्हर्नरांच्या टक्केवारीला. बरं, गव्हर्नर बसला की शहराची निष्ठा ८ नी वाढते, आणि ही सोय ज्या राणीला मिळाली तिच्याविरुद्ध तिच्याच दरबारातला सर्वांत वरचा मंत्री बिदाम ६४७ मध्ये उठला, बाईमाणसाला राज्य चालवता येत नाही असं म्हणत. ती त्याच उठावाच्या दिवसांत वारली. बंड मोडलं, पण तिच्यामागे.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. गेममधला कोरिया फार शांत आहे. खाणी-शेतांच्या त्या क्षमतेचं नाव ‘तीन राज्यं’, पण त्या तिघांपैकी गोगुर्यो, ज्याने ६१२ मध्ये सालसू नदीवर चीनच्या सुई सम्राटाच्या फौजेची दाणादाण उडवली, त्याचा यात मागमूस नाही. सिल्लाने तांग चीनची मदत घेऊन ६६० मध्ये बेकजे आणि ६६८ मध्ये गोगुर्यो पाडलं, मग त्याच तांगला बाहेर काढलं. एवढ्या मुत्सद्देगिरीचा एकही नियम बनवावासा वाटला नाही? आरमाराचंही तेच. सिव्हिलायझेशन ५ मध्ये कोरियाला कासवनौका होती, इथे ती नाही. कोरियाचा गाजलेला आरमारप्रमुख यी सुन-शिन ग्रेट अ‍ॅडमिरल म्हणून आहे, पण त्याला कोणीही पटकावू शकतो.

याचा परिणाम असा की दर डाव एकाच वळणाने जातो. टेकडी, सोवॉन, खाणी, ग्रंथालय, विद्यापीठ, मग अंतराळतळ. मधल्या काळात शेजाऱ्यांनी कुरापत काढली नाही तर तुम्ही नुसते पुढे. डेटी या सर्वांत कठीण पातळीवर एआयला सुरुवातीलाच तीन सेटलर मिळतात, तरीही मध्ययुगापर्यंत तग धरला की कोरिया त्यांना गाठतो. शेवटी यान सोडायचं आणि ५० प्रकाशवर्षं पार होईपर्यंत टर्नचं बटण दाबत बसायचं. माझ्या साध्या लॅपटॉपवर मोठ्या नकाशात तेव्हा प्रत्येक टर्नला चहाचा एक घोट होतो. पहिल्या काही विजयांना याचं काही वाटत नाही. नंतर शंभराव्या टर्नलाच डाव सोडून द्यावासा वाटतो, कारण शेवट दिसत असतो.

यावर मी एक करून बघितलं आणि ते चाललं : डाव मांडतानाच सायन्स विजय बंद करायचा. मग तेवढं सगळं सायन्स खर्चायचं कुठे, हा खरा प्रश्न उभा राहतो. कल्चर विजयासाठी (तो पर्यटक ओढून मिळवतात) कोरिया वाटतो त्यापेक्षा बरा आहे, कारण ह्वारांग कल्चरही वाढवतं आणि संगणक, रेडिओ लवकर हाती आले की पर्यटनाचा वेग वाढतो. नकाशा बेटांचा घेतला तर आणखी मजा. टेकड्या मोजक्या, प्रत्येक शहर वेगळ्या कोड्यासारखं, आणि कासवनौकेची उणीव तिथे चांगलीच टोचते.

२०२३ मध्ये लीडर पासमधून (नवे नेते देणारी विकतची भर) राजा सेजोंगही आला. देश तोच, सोवॉन तेच, पण गव्हर्नरांची टक्केवारी जाते. त्याऐवजी नव्या युगातलं पहिलं तंत्रज्ञान शिकलं की तेव्हाच्या सायन्सच्या प्रमाणात कल्चर एकरकमी मिळतं. युग कधी ओलांडायचं याचा विचार करावा लागतो, तेवढीच डोक्याला चालना. सोंदोकचे डाव पाठ झाले असतील तर तो घ्या. आधी घेऊ नका, गव्हर्नर नीट वापरायला शिकायचं राहून जाईल. आणि पूर्ण पास नुसत्या सेजोंगसाठी विकत घ्यायचा विचार असेल तर सेलची वाट बघा.