अमेरिकेतला रेल्वे अपघातांचा सरकारी डेटा वापरताय? आधी हे वाचा

अमेरिकेच्या फेडरल रेलरोड अॅडमिनिस्ट्रेशनचा (एफआरए) अपघातांचा डेटा कोणालाही फुकट बघता येतो आणि मी बरेच दिवस तो चाळतेय. चांगला आहे, नक्की वापरा, फक्त तो भरतं कोण ते लक्षात ठेवा. रेल्वे कंपनीच भरते. महिना संपल्यावर 30 दिवसांत रिपोर्ट द्यायचा, गाडी घसरली असेल तर 54 नंबरचा फॉर्म, आणि कारणाचा कोडही कंपनीच टाकते, टी म्हणजे ट्रॅक, ई म्हणजे गाडीतला बिघाड, एच म्हणजे माणसाची चूक. एफआरए स्वतः तपास करते तो निवडक अपघातांचाच.

म्हणून एच दिसला की मी थांबते. पण इथे नियमात एक फार चांगली सोय आहे, चूक कर्मचाऱ्यावर टाकली तर कंपनीला त्याला तसं लेखी कळवावं लागतं आणि त्याला 78 नंबरच्या फॉर्मवर आपली बाजू मांडता येते. ज्याच्या नावावर अख्खा अपघात लागणार त्याला निदान बोलता तरी येतं, मला हे मनापासून पटलं.

फाटकावरचा नियमही कडक आहे, गाडीचा कोणाला नुसता धक्का लागला तरी रिपोर्ट करायचाच, नुकसान कितीही कमी असो. घसरण्याचं तसं नाही. ठराविक रकमेच्या आतलं नुकसान 54 वर येतच नाही (2020 ला ही मर्यादा 10,700 डॉलर होती), आणि त्या हिशोबात गाड्या, रूळ, सिग्नल असं रेल्वेचंच धरतात, शेजारच्या घरांचं काय झालं ते नाही. मला हे अजिबात पटत नाही.

त्यामुळे मोठा अपघात असेल तर एनटीएसबीचं (वाहतुकीतल्या अपघातांचा स्वतंत्र तपास करणारी अमेरिकेची सरकारी संस्था) डॉकेटही, म्हणजे त्या तपासाची फाइल, उघडाच. ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाईनला 3 फेब्रुवारी 2023 ला 38 डबे घसरले, एका डब्याच्या चाकाचं बेअरिंग तापून निकामी झालं होतं, त्याच्या मुलाखती, फोटो सगळं तिथे आहे, आणि व्हिनाइल क्लोराइड या विषारी, ज्वलनशील रसायनाचे टँकर मुद्दाम फोडून जाळायची गरज नव्हती हेही एनटीएसबीने स्पष्ट म्हटलंय. एनटीएसबी दंड करू शकत नाही, शिफारशीच करते, पण कारण तिथे नीट समजतं.

आणि तुमचं कोणी अपघातात सापडलं असेल तर एक गोष्ट, कंपनीने एफआरएला दिलेला हा रिपोर्ट भरपाईच्या दाव्यात वापरता येत नाही, कायद्यातच तसं आहे, तेव्हा वेगळे पुरावे आधीपासून जमवा.