स्वतः कोडिंग शिकल्यावर क्लास लावावा का? काही महिन्यांनंतरचं मत

क्षेत्र बदलण्यासाठी व्हिडिओ पाहून पायथन शिकलेल्यांनी क्लास लावावा, पण पहिल्या धड्यापासून नाही. व्हेरिएबल, लूप, फंक्शन यांतच सुरुवातीचे आठवडे जातात आणि छोटे प्रोग्रॅम लिहून झालेल्याच्या पदरात काही पडत नाही. चाचणी देऊन थेट डेटा स्ट्रक्चर्सच्या (लिस्ट, सेट अशा माहिती साठवण्याच्या रचनांच्या) बॅचला बसता येतं का, ते आधी विचारा.

खरी वसुली तिथेच होते. स्वतः शिकलेल्याचा कोड चालतो, पण कुठे अडेल हे त्याला सांगता येत नाही. समजा, दोन याद्यांतले सामाईक ईमेल शोधायचे आहेत. लूप फिरवून पहिल्या लिस्टमधला एकेक ईमेल दुसऱ्या लिस्टमध्ये 'इन'ने ('यात आहे का?' विचारणाऱ्या पायथनच्या शब्दाने) शोधला, तर शंभर नोंदींचं उत्तर लगेच येतं. दोन्हीकडे १०,००० झाल्या की तुलना १० कोटींपर्यंत जातात आणि प्रोग्रॅम अडकल्यासारखा वाटतो. दुसऱ्या लिस्टचा आधी सेट केला, की हॅशवरून, म्हणजे ईमेलवरूनच काढलेल्या आकड्यावरून, थेट जागा सापडते, सगळी यादी चाळावी लागत नाही. बदल एका ओळीचा. सेट व्हिडिओतही शिकवतात, पण तो नेमका कुठे हवा होता, हे कुणीतरी तुमच्याच कोडवर बोट ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही.

तसंच डिफॉल्ट पॅरामीटरचं, म्हणजे फंक्शनला काही दिलं नाही तर ते आपणहून धरतं त्या किमतीचं. तिथे रिकामी लिस्ट दिली तर ती फंक्शन डिफाइन होताना एकदाच बनते, त्यामुळे फंक्शन आधी कॉल केलं (चालवलं) तेव्हाच्या नोंदी पुढच्या वेळी डोकावतात. डिफॉल्ट 'नन' (काहीच नाही) ठेवून लिस्ट फंक्शनच्या आत बनवायची. एकदाच कॉल करणाऱ्या चाचणीत ही चूक सापडतच नाही.

म्हणून फी भरण्याआधी एकच प्रश्न: असाइनमेंट कोण तपासतं? नुसतं आउटपुट जुळवणारं सॉफ्टवेअर असेल तर पैसे वाचवा. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा ऑनलाइन कोर्स मोफत आहे, सी भाषेपासून पायथन आणि डेटाबेसच्या एसक्यूएलपर्यंत नेतो आणि आपोआप तपासणीही त्यात आहे. ओळीओळीवर शेरे देणारा माणूस असेल, तरच क्लास.

गिटवरचे (कोडमधले बदल सांभाळणाऱ्या साधनातले) मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांचे बदल एकमेकांवर आदळणं, चूक शोधायला कोड थांबवत चालवणारा डिबगर, दुसऱ्याचा जुना कोड वाचणं यांच्या वाट्याला क्लासमध्ये फार तर एखादं लेक्चर येतं. असाइनमेंट कोऱ्या फाइलपासून सुरू होते, नोकरीत मात्र हजारो ओळी आधीच लिहिलेल्या असतात. सोबत एखादा ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेला) प्रकल्प उतरवून घ्या, त्याच्या टेस्ट (कोड नीट चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम) चालवा, मुद्दाम एक ओळ मोडा आणि कोणती टेस्ट पडते ते पाहा. सर्टिफिकेट रेझ्युमेत एक ओळ भरतं, एवढंच.